आपल्या शिकण्याची रोजकीर्द

वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला एक गोष्ट न मागता मिळते. ती म्हणजे दुसऱ्याचं लक्ष. मास्तर फळ्याकडे तोंड करून लिहीत असले, तरी मागच्या बाकावर कोण पेंगतंय ते त्यांना बरोबर कळतं. वही तपासताना एखादं उदाहरण शेजाऱ्याचं पाहून उतरवलेलं आहे, हे त्यांच्या ध्यानात येतं. चाचणीत कमी गुण पडले की घरी विचारणा होते. त्या वयात या सगळ्याचा आपल्याला राग येतो. पण आपण कुठवर आलो, कुठं अडलो, कुठं घसरलो, याची नोंद कुणीतरी आपल्यासाठी ठेवत असतं, हे तेव्हा लक्षात येत नाही.

आता घरबसल्या मोबाइलवर किंवा संगणकावर शिकणाऱ्या माणसाकडे पाहा. शिक्षक आहेत, पण ते पडद्याच्या पलीकडे. त्यांचं व्याख्यान कदाचित दोन वर्षांपूर्वी चित्रित झालेलं आहे. आपण जांभई दिली, मध्येच दार उघडायला उठलो, अर्धं व्याख्यान डोक्यावरून गेलं, तरी त्यांना त्याचा पत्ता नाही. हजेरी नाही, हाक नाही, शिक्षा नाही. ही मोकळीक मोठी गोड असते. आणि याच मोकळिकीत बहुतेकांचं शिक्षण अर्ध्या वाटेवर थांबतं.

शिकण्याची सोय आज किती झाली आहे, हे आधी पाहू. आपल्याकडे आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ साली ‘एनपीटेल’ हा उपक्रम सुरू केला. एका काळी ज्या वर्गात बसण्यासाठी जिवाचं रान करावं लागे, त्या वर्गातली व्याख्यानं घरोघरी पोचली. अमेरिकेत २०१२ साली ‘कोर्सेरा’ आणि ‘एडएक्स’ सुरू झाले. २०१७ साली केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ आलं. तिथं नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच शुल्क भरायचं. म्हणजे सांगलीतल्या दुकानदाराला आणि गडचिरोलीतल्या शिक्षिकेला आज एकच व्याख्यान ऐकता येतं.

पण दाराशी आलेली गंगा घरात किती येते? हार्वर्ड आणि एमआयटी या दोन विद्यापीठांच्या एडएक्सवरच्या अभ्यासक्रमांची आकडेवारी २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आली. २०१७-१८ या वर्षात नाव घातलेल्या सगळ्यांपैकी अभ्यासक्रम पुरा करणारे होते सुमारे तीन टक्के. शंभरात तीन! यात नुसतं डोकावून जाणारेही बरेच असतात, हे मान्य. परंतु ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे मोजले होते, म्हणजे ज्यांचा इरादा पक्का होता, त्यांच्यातलेही सुमारे ४६ टक्केच शेवटपर्यंत पोचले. हे लोक काही मंदबुद्धीचे नव्हते. बुद्धीखेरीज आणखी काहीतरी लागतं, ते कमी पडलं.

मी बँकेत एकतीस वर्षं नोकरी केली. संगणक येण्यापूर्वीच्या दिवसांत संध्याकाळी ताळा जुळल्याशिवाय कुणी घरी जात नसे. पाच पैशांचा फरक असला, तरी तो सापडेपर्यंत सगळे बसायचे. त्या दिवसांनी मला एक गोष्ट शिकवली. पैसा कुठं गेला हे आठवून सांगता येत नाही, ते लिहिलेलं असावं लागतं. व्यापारी मंडळींना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. रोजचा व्यवहार रोजकीर्दीत लिहायचा आणि मग खतावणीत त्याचं खातं मांडायचं. रोजकीर्द सांगते, आज काय झालं. खतावणी सांगते, त्यातून काय निघालं. स्वतःच्या शिकण्याबद्दल मला हेच सुचवायचं आहे. शिक्षकाचं जे लक्ष आपल्याला लाभत नाही, त्याची जागा काही अंशी आपली आपण ठेवलेली नोंद घेऊ शकते. फक्त ती योग्य गोष्टीची असली पाहिजे.

ही कल्पना नवीन नाही. बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकी मुत्सद्द्याचं शालेय शिक्षण जेमतेम दोन वर्षांचं. वयाच्या दहाव्या वर्षी शाळा सुटली, पुढचं सारं त्यानं स्वतः मिळवलं. आपल्या आत्मचरित्रात त्यानं एका छोट्या वहीची हकिगत सांगितली आहे. तेरा गुण त्यानं निवडले होते, प्रत्येक गुणाला वहीचं एक पान. पानावर आठवड्याच्या सात वारांचे सात रकाने. चूक झाली की त्या रकान्यात काळा ठिपका. दर आठवड्याला एकाच गुणाकडे विशेष लक्ष. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. आपल्यात वाटलं होतं त्याहून पुष्कळच अधिक दोष निघाले, पण ते कमी होताना पाहण्याचं समाधानही मिळालं, असं तो म्हणतो.

दुसरं उदाहरण जर्मनीचं. हर्मान एबिंगहाउस या अभ्यासकाला माणूस विसरतो कसा हे मोजायचं होतं. प्रयोगासाठी त्यानं माणूस निवडला तो एकच, स्वतः! अर्थ नसलेल्या अक्षरांच्या याद्या तो पाठ करायचा, काही काळ जाऊ द्यायचा आणि त्याच याद्या पुन्हा पाठ करायचा. दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा किती वेळ वाचला, हे तो टिपून ठेवी. १८८५ साली त्याचं पुस्तक निघालं. एका तासानंतर त्याचा निम्म्याहून कमी वेळ वाचत होता, एका दिवसानंतर सुमारे एक तृतीयांश आणि ३१ दिवसांनंतर सुमारे एक पंचमांश. म्हणजे विसरणं पहिल्या काही तासांतच झपाट्यानं होतं आणि पुढं त्याचा वेग मंदावतो. त्याच्या नोंदीत घड्याळाची वेळही होती, आणि सकाळच्या मानानं संध्याकाळी पाठ करायला त्याला अधिक वेळ लागतो, हेही त्यातून निघालं. हे स्वतःबद्दल त्याला नुसत्या अंदाजानं कळलं असतं का?

आज मोजण्याची साधनं खिशात आली आहेत. किती पावलं चाललो, किती तास झोपलो, हे हातातलं घड्याळ सांगतं. २००७ साली गॅरी वुल्फ आणि केव्हिन केली या दोघा पत्रकारांनी अशा स्वतःची मोजमापं घेणाऱ्यांची चळवळच अमेरिकेत सुरू केली. शिकवणारी अॅप्सही आपला हिशोब ठेवतात. इतके धडे झाले, इतके टक्के पुरे, सलग इतके दिवस हजेरी. मग आपण वेगळं लिहायचं कशाला, असं कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे.

त्याचं उत्तर असं, की अॅप बहुधा सोपं असतं ते मोजतं. व्हिडिओ शेवटपर्यंत चालला की त्याच्या लेखी धडा झाला. त्या वेळी आपण भाजी निवडत होतो की टिपणं काढत होतो, हे त्याला कळत नाही. आणि पाहिलेलं, वाचलेलं आपल्याला समजलं, ही भावनाच मुळात फसवी असते. याविषयीचा एक प्रयोग सांगण्यासारखा आहे.

अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी या दोघा मानसशास्त्रज्ञांनी हा प्रयोग २००६ साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक छोटा उतारा दिला. एका गटानं तो चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटानं एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारा गट पुढं होता, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानं दुसरी परीक्षा झाली. आता वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. गंमत म्हणजे, हे आपल्या चांगलं लक्षात राहील अशी खात्री अधिक होती ती पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना! शिकताना जे सुखाचं वाटतं त्यावरून शिकणं किती झालं ते ठरवता येत नाही, एवढा बोध यातून घेता येईल.

म्हणून आपल्या रोजकीर्दीत मुख्य रकाना हवा तो ‘न पाहता किती आलं’ याचा. बाकीचे रकाने त्याला मदत करणारे. एक साधी वही घ्या. मोबाइलवर तक्ता केलात तरी हरकत नाही. सहा रकाने आखा. तारीख, बसण्याची वेळ, किती मिनिटं बसलो, विषय कोणता, न पाहता पाचपैकी किती प्रश्न सुटले, आणि शेवटचा रकाना, अडलं कुठं. रोज भरायला दोन मिनिटं पुरतात. त्याहून जास्त वेळ लागू लागला, तर रकाने जास्त झाले असं समजा.

पाच प्रश्न आणायचे कुठून? धडा संपला की आपणच काढायचे. पण एक पथ्य पाळायचं. ते त्याच दिवशी सोडवायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी नवा धडा उघडण्यापूर्वी, टिपणांची वही मिटलेली ठेवून सोडवायचे आणि तोच आकडा लिहायचा. धडा ताजा असताना सगळंच येतं. एक रात्र उलटल्यावर जे उरतं ते आपलं.

आता बँकेच्या भाषेत सांगायचं तर या आकड्याचा ताळाही पडताळायला हवा, कारण प्रश्न काढणारे आपण आणि गुण देणारेही आपणच. त्यासाठी बाहेरचा एखादा आकडा शोधावा. एनपीटेलच्या अभ्यासक्रमांत दर आठवड्याला स्वाध्याय असतो, त्याचे गुण मिळतात. आपल्या वहीत पाचपैकी चार पडत असतील आणि स्वाध्यायात निम्मेसुद्धा मिळत नसतील, तर आपण स्वतःला फार सोपे प्रश्न घालतो आहोत. उलट, स्वाध्यायाचे गुण भरपूर आणि वहीतले कमी, तर स्वाध्याय टिपणं उघडी ठेवून सोडवला जातोय. दोन्ही वेळा वहीनं आपल्याला सावध केलंच.

अशा नोंदीनं काय साधतं, याचं घरातलंच एक उदाहरण देतो. माझी भाची नाशिकला असते. वाणिज्य शाखेची पदवीधर. मुलगी झाली तेव्हा तिनं नोकरी सोडली, त्याला दहा वर्षं झाली. आता पुन्हा कामावर जायचं म्हणून तिनं आकडेवारीच्या विश्लेषणाचा बारा आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला. घरच्या खर्चातून बाजूला काढलेल्या पैशांनी परीक्षेचं शुल्क भरलं. पाचव्या आठवड्यात तिचा मला फोन आला. ‘मामा, हे आता माझ्यानं होणार नाही. दहा वर्षांत डोकं गंजलं बघ. पैसे गेले ते गेले.’

मी तिला म्हटलं, ‘गंजलं की नाही ते मागाहून ठरवू. तीन आठवडे वही लिही आणि मग मला फोन कर.’ तिनं लिहिली. एकवीस दिवसांत ती पंधरा वेळा अभ्यासाला बसली होती. त्यांतल्या नऊ बैठका रात्री दहानंतरच्या, घरचं सगळं आवरून झाल्यावरच्या. त्या धड्यांवरच्या प्रश्नांत पाचपैकी एक किंवा दोन. सहा बैठका दुपारच्या, मुलगी शाळेतून येण्याआधीच्या, जेमतेम पंचवीस मिनिटांच्या. त्यांत मात्र चार, कधी पाच. रात्री ती दीड दीड तास बसत होती. म्हणजे जिथं सगळ्यात जास्त वेळ ओतत होती, तिथूनच सगळ्यात कमी पदरात पडत होतं. आणि स्वतःची पारख ती त्या रात्रीच्या तासांवरूनच करत होती.

शेवटच्या रकान्यानं दुसरी गोष्ट सांगितली. ‘अडलं कुठं’ याखाली तिनं निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा एकच लिहिलं होतं, इंग्रजी नावं लक्षात राहत नाहीत. मीन, मीडियन, मोड. तिचं शिक्षण मराठी माध्यमातलं. मी विचारलं, ‘मध्य, मध्यक आणि बहुलक म्हणजे काय गं?’ तिनं फोनवर तिन्हींच्या व्याख्या उदाहरणासकट सांगितल्या आणि मग स्वतःच हसू लागली. कल्पना तिच्याजवळ शाळेपासून होत्या, नावाच्या पाट्या तेवढ्या अनोळखी होत्या.

इथं एक काळजी घ्यावी लागते. दोन्ही उपाय एकदम करण्याचा मोह होतो. पण एकदम दोन गोष्टी बदलल्या की फरक कशानं पडला ते कळत नाही. तिनं आधी फक्त वेळ बदलली. नवा धडा दुपारी, आणि रात्री काही पाहायचंच झालं तर आधी झालेलं व्याख्यान पुन्हा पाहणं. दोन आठवडे असं केल्यावर वहीतले आकडे वर सरकले. मग इंग्रजी आणि मराठी शब्दांची एक यादी करून तिनं ती स्वयंपाकघरात फडताळाच्या दारावर आतून चिकटवली. परीक्षा तिनं दिली, उत्तीर्णही झाली. नोकरीचं अजून चालू आहे. दोन मुलाखती झाल्यात. पण ‘माझं डोकं गंजलं’ हे वाक्य तिच्या तोंडून गेलं, आणि माझ्या लेखी ती मिळकत प्रमाणपत्राहून मोठी आहे. एकट्यानं शिकणाऱ्याला धोका असतो तो याच वाक्याचा. अडचण वेळेची असते, शब्दांची असते, झोपेची असते, आणि आपण ती आपल्या बुद्धीच्या नावे टाकून मोकळे होतो. खातं चुकलेलं असतं. नोंद असली तर ते दुरुस्त करता येतं.

रोजकीर्दीनंतर खतावणी. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी म्हणा, दहा मिनिटं ती पानं घेऊन बसावं. तीन प्रश्न पुरेत. कुठं चांगलं चाललं? कुठं अडलं? पुढच्या आठवड्यात कोणती एक गोष्ट बदलायची? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात लिहावं. हे वाक्य लिहिलं गेलं नाही, तर वही नुसती रद्दी होते. आणि घाईनं निकाल देऊ नये. एखाद्या मंगळवारी काही आलं नाही, म्हणून मंगळवार वाईट ठरत नाही. पाहुणे आले असतील, डोकं दुखत असेल. दोन-तीन आठवडे तीच गोष्ट दिसली तर तिच्यावर विश्वास ठेवावा.

ज्यांना शब्द, सनावळ्या, सूत्रं किंवा एखादी नवी लिपी लक्षात ठेवायची आहे, त्यांच्यासाठी नोंदीचा आणखी सोपा प्रकार आहे. १९७२ साली सेबास्टियन लाइटनर या लेखकानं आपल्या जर्मन पुस्तकात तो मांडला. एका खोक्यात कप्पे करायचे. चिठ्ठीच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. उत्तर बरोबर आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं की पुन्हा पहिल्या कप्प्यात. पुढचे कप्पे क्रमानं कमी वेळा उघडायचे. जे येतं त्यावर वेळ जात नाही, जे येत नाही ते रोज समोर येतं. २००६ साली निघालेलं ‘आन्की’ हे सॉफ्टवेअर याच जातीचं काम संगणकावर करतं. कोणती चिठ्ठी कोणत्या दिवशी दाखवायची, हे ते आपल्याच उत्तरांवरून ठरवतं.

मी सध्या बंगाली लिपी शिकतो आहे, बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करून. त्या लिपीत ‘ब’ आणि ‘र’ यांच्यात फक्त खालच्या एका टिंबाचा फरक. महिनाभर या दोन चिठ्ठ्या पुढं जायच्या आणि मागं यायच्या. त्यांचं ते येणं-जाणं हीसुद्धा नोंदच. मग दोन्ही अक्षरं एकाच चिठ्ठीवर शेजारी शेजारी काढली आणि फरक सांगण्याचा प्रश्न केला. आता ती चिठ्ठी चौथ्या कप्प्यात आहे.

नोंदीचे तोटेही सांगितले पाहिजेत. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञानं १९७५ साली पैशाविषयीच्या सरकारी धोरणाबद्दल एक निरीक्षण नोंदवलं. पुढं ते सगळीकडे लागू पडलं. सोप्या शब्दांत सांगायचं तर, जे माप आपण लक्ष्य म्हणून धरतो, ते माप म्हणून बिघडतं. सलग शंभर दिवस हजेरी हा आकडा एकदा डोक्यात बसला, की माणूस रात्री पावणेबाराला सगळ्यात सोपा धडा उघडतो, पाच बटणं दाबतो आणि झोपतो. आकडा वाढतो, विद्या तिथंच. आणि एखाद्या दिवशी साखळी तुटली, की ‘आता काय उपयोग’ म्हणून सगळंच सोडतो. म्हणून वहीत रिकामा दिवस रिकामा ठेवावा. त्याला लाल शाई लावू नये. तो रिकामेपणाही माहितीच आहे.

दुसऱ्याचा आकडा आपल्या वहीत आणू नये, हेही तितकंच महत्त्वाचं. रोज दहा हजार पावलं चालावीत, हे आपण सारखं ऐकतो. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विक्रीला आलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचा मापक’ अशा अर्थाचं होतं, आणि तिथून हा गोल आकडा जगभर गेला. तसंच ‘रोज चार तास अभ्यास’ या आकड्याचं. तो ज्याचा असेल त्याचा असो. माझ्या भाचीचे पंचवीस मिनिटं हे तिचं माप आहे, ते तिच्या वहीतून निघालं आहे. तुमचं माप तुमच्या वहीतून निघेल.

तिसरी गोष्ट मालकीची. ही वही आपली आहे. आई-वडिलांनी मुलांना वही लिहायला जरूर शिकवावं, पण ती रोज तपासून जाब विचारू नये. जाब विचारला जाणार हे कळलं की मूल पाचपैकी पाच लिहू लागतं, आणि खोटी नोंद ही नोंद नसण्यापेक्षा वाईट. अॅपवर नोंद ठेवणाऱ्यांनी आपली माहिती कुठं जाते, हेही पाहावं. आपण कधी जागे असतो, किती वेळ बसतो, कशात कच्चे आहोत, ही माहिती विकणाऱ्याच्या दृष्टीनं मोलाची असते. २०२३ साली आपल्या संसदेनं व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. आपल्याविषयी कोणती माहिती साठवली आहे हे विचारण्याचा, ती दुरुस्त करून किंवा पुसून घेण्याचा हक्क त्यात मांडलेला आहे. तरी अॅप घेताना ते कोणकोणत्या परवानग्या मागतं ते आधी वाचावं. शब्द पाठ करून घेणाऱ्या अॅपला आपल्या फोनमधले सगळे नंबर कशाला हवेत? कागदाच्या वहीला परवानगी लागत नाही, हा तिचा एक फायदाच.

आणि ही वही जन्मभर लिहावी असंही नाही. नव्या विषयाचे पहिले सहा-आठ आठवडे तिची खरी गरज असते. आपली वेळ कोणती, आपली अडचण कुठली, हे एकदा उमगलं आणि गाडी रुळावर आली, की वही खुशाल बाजूला ठेवावी. पुढं कधी गाडी अडली तर पुन्हा काढावी. दुकान रोज चालावं म्हणून हिशोब असतो. हिशोबासाठी कुणी दुकान मांडत नाही.

तेव्हा एखादा अभ्यासक्रम अर्धवट पडून असेल, तर तो उघडण्यापूर्वी एक वही उघडा. सहा रकाने आखा. मागच्या वेळी जिथवर पोचला होता, तिथल्या धड्यावर, काहीही न पाहता, पाच ओळी लिहून बघा. दोनच लिहिता आल्या, तर पाचपैकी दोन असं लिहा. तो आकडा कुणाला दाखवायचा नाही. पुढच्या रविवारी त्याच्या शेजारी दुसरा आकडा असेल.